तारकेचा कारभार

संगणकाला हुकूम देणाऱ्या मंडळींच्या हाताशी जी अनेक चिन्हे असतात, त्यांत तारकेइतके लहान, दिसावयास निरुपद्रवी आणि अधिकाराने अमर्याद असे दुसरे चिन्ह नाही. कळफलकावर आठाच्या डोक्यावर बसलेली ही इवलीशी आकृती फाइलच्या नावात घातली, की ‘येथे काहीही असो, कितीही असो, किंवा मुळीच काही नसो, माझी हरकत नाही’ असा तिचा अर्थ होतो. आणि ज्या कामासाठी एरव्ही हजार फाइलींची नावे एकेक करून लिहीत बसावे लागले असते, ते काम एका बोटाच्या दाबाने उरकते. आळशी माणसाच्या हाती इतकी सत्ता इतक्या स्वस्तात इतिहासात पूर्वी कधी आली नसावी.

अडचण एवढीच, की हुकूम देणारा आणि हुकूम बजावणारा या दोघांजवळ वगळावयाच्या गोष्टींची एकेक यादी असते आणि त्या दोन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. ‘या फोल्डरातील सगळ्या पीडीएफ उचल’ असे जो गृहस्थ फर्मावतो, त्याच्या मनात ‘अर्थात कच्चे मसुदे सोडून, अर्थात आतल्या फोल्डरांतल्याही धरून, अर्थात कोणी पीडीएफ हे शेपूट मोठ्या लिपीत लिहिले असेल तर तेही घेऊन’ असे तीन-चार ‘अर्थात’ दडलेले असतात, आणि त्यांतील एकही तो उच्चारीत नाही. यंत्रापाशी ‘अर्थात’ नावाची वस्तूच नाही. त्याची स्वतःची यादी आहे. ती कोणा एका काळी, कोणा एका प्रयोगशाळेत, कोणा एका कारणासाठी ठरली. ती नियमपुस्तकात छापलेली आहे आणि नियमपुस्तक कोणी वाचीत नाही. तारकेसारख्या चिन्हांचे, म्हणजे वाइल्डकार्डचे, डिबगिंग म्हणून जो काही उद्योग जगभरच्या कचेऱ्यांत रात्री-अपरात्री चालतो, तो या दोन याद्यांची रुजुवात घालण्याचा उद्योग होय.

तारकेचे हे खाते मुळात स्वतंत्र होते. न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत १९७०च्या सुमारास युनिक्स बाळसे धरू लागले, तेव्हा हुकूम वाचून घेणाऱ्या ‘शेल’ नामक कार्यक्रमाला तारकेचा उलगडा करण्याची विद्या अवगत नव्हती. हुकुमात तारका, प्रश्नचिन्ह किंवा चौकटी कंस दिसला, की शेल तो कागद ‘ग्लॉब’ नावाच्या निराळ्या कार्यक्रमाकडे रवाना करी. ग्लॉब फोल्डर चाळून जुळणाऱ्या नावांची फर्द तयार करी. आणि मग मूळ हुकुमाची अंमलबजावणी होई. या ग्लॉबच्या अंगी एक सद्गुण असा होता, की काहीच जुळले नाही तर ‘नो मॅच’ असे तोंडावर सांगून तो काम तेथेच थांबवी. पुढे १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती निघाली. तीत स्टीफन बोर्न यांच्या नव्या शेलने हे खाते आपल्याच अखत्यारात घेतले, आणि खात्यांचे विलीनीकरण झाले म्हणजे जे सर्वत्र होते तेच येथेही झाले: नकार देण्याची जबाबदारी कोणाकडेच उरली नाही. नमुन्याशी एकही फाइल जुळली नाही, तर नमुना हेच फाइलचे नाव समजून तो तारकेसह जसाच्या तसा पुढे पाठवावयाचा, असा नवा शिरस्ता पडला. आज बहुतेक लिनक्स यंत्रांवर नांदणाऱ्या बॅश या शेलने तो वारसाहक्काने घेतला आहे. तो मोडण्यासाठी ‘नलग्लॉब’ नावाचा एक खटका ठेवलेला आहे खरा. परंतु ज्याला तो ठाऊक असतो त्याला बहुधा त्याची गरज उरलेली नसते, आणि ज्याला गरज असते त्याला तो ठाऊक नसतो.

या शिरस्त्याची फळे रिकाम्या फोल्डरात चाखावयास मिळतात. फोल्डरातील प्रत्येक पीडीएफ दाबून लहान करावी आणि तिच्या नावापुढे ‘जीझेड’ हे शेपूट जोडून ठेवावी, अशी चार ओळींची स्क्रिप्ट एखाद्या कार्यालयात रोज रात्री चालत असते. ती कित्येक महिने बिनतक्रार चालते. मग दिवाळीच्या सुट्टीत फोल्डर रिकामे राहते; जुळणारे काही नाही, सबब ‘*.पीडीएफ’ हेच नाव पुढे जाते. या नावाची फाइल अस्तित्वात नाही, अशी तक्रार जीझिप हा दाबणारा कार्यक्रम रीतसर नोंदवतो आणि ती कोणी वाचीत नाही. शेल मात्र निकाल ठेवून घेण्यासाठी अगोदरच उघडलेली ‘*.पीडीएफ.जीझेड’ या नावाची, पोटात काहीही नसलेली फाइल मागे ठेवून मोकळा होतो. सुट्टी संपवून आलेल्या मनुष्यास यादीच्या अग्रभागी हे नाव दिसते, आणि ते पुसून टाकावे अशी स्वच्छतेची ऊर्मी त्याच्या मनात उद्भवते. आता ‘आरएम’ या पुसण्याच्या हुकुमापुढे त्याने ते नाव दिसते तसे टंकले, की तारकेला तिचे सर्व अधिकार पुनश्च प्राप्त होतात आणि त्या एका पोकळ फाइलीच्या संगतीने कित्येक महिन्यांच्या भरीव फाइलीही निघून जातात. आरएमला कचरापेटी ठाऊक नाही; त्याने पुसले ते पुसले.

नमुना न जुळण्यातच धोका आहे असे मानून स्वस्थ बसावे, तर जुळण्यातला धोका त्याहून रम्य आहे. ‘फाइंड’ हा हुकूम फोल्डरांच्या पोटातील फोल्डरे धुंडाळून फाइली शोधून देतो आणि त्याला तारका स्वतःला वाचता येते. फक्त ती त्याच्या हाती अखंड पोहोचली पाहिजे, नाहीतर वाटेत बसलेला शेल तिचा आपल्या परीने उलगडा करून टाकतो. यास्तव नमुना अवतरणचिन्हांत बंद करून पाठवावा, असे प्रत्येक पुस्तकात लिहिलेले असते. ज्याने अवतरणचिन्हे गाळली, त्याची स्क्रिप्ट प्रारंभी उत्तम चालते. कारण ज्या फोल्डरात उभे राहून तो हुकूम सोडतो त्यात एकही पीडीएफ नसते, शेलला काही जुळत नाही, आणि वर सांगितलेल्या शिरस्त्याच्या कृपेनेच नमुना सुखरूप फाइंडपर्यंत जातो. पुढे केव्हातरी कोणीतरी त्या फोल्डरात चहाच्या बिलाची एक पीडीएफ आणून ठेवतो. आता शेलला एक नाव जुळते. तो तारका काढून तिच्या जागी चहाचे बिल बसवतो. आणि फाइंड साऱ्या दप्तराचा कोपरान् कोपरा पालथा घालून एका चहाच्या बिलाचा शोध घेतो, ते त्याला सापडते, आणि तो कृतकृत्य होऊन परततो. कसलीही तक्रार नसल्यामुळे कोणाला काही कळत नाही. त्यानंतर यथाकाल दुसरे बिल येते. एका नावाच्या जागी दोन नावे पाहून मात्र फाइंड बिथरतो आणि ‘पाथ हे अटींच्या आधी लिहावेत’ अशा आशयाचा ओरडा करतो, ज्याचा पाथशीही संबंध नसतो आणि चहाशीही नसतो. स्क्रिप्टमध्ये काना-मात्रेचा बदल नाही, यंत्र तेच, दप्तर तेच. तरी निकाल तीन तऱ्हेचे. अशा प्रसंगी कचेरीत जो शेवटी रुजू झालेला असेल त्याच्यावर संशय घेण्याची वहिवाट आहे.

तारकेच्या हद्दींविषयीही असेच अज्ञान सर्वत्र पसरलेले आहे. ज्या फाइलच्या नावाचा आरंभ टिंबाने होतो, तिला तारका हात लावीत नाही. या मर्यादेचे मूळ रॉब पाइक यांनी २०१२ साली सांगितले, ते मोठे उद्बोधक आहे. प्रत्येक फोल्डरात एक टिंब आणि दोन टिंबे अशा दोन तांत्रिक नोंदी असतात. यादी दाखवताना त्या गाळाव्यात म्हणून फार पूर्वी कोणीतरी नावांची पूर्ण तपासणी न करता ‘पहिले अक्षर टिंब असेल तर सोडून दे’ एवढीच अट घातली, आणि त्या क्षणापासून टिंबाने आरंभ होणारी प्रत्येक फाइल जगाच्या दृष्टीआड झाली. एका माणसाने काही अक्षरे टंकण्याचे श्रम वाचवले. अर्धशतक झाले, लोक अद्याप आपल्या गुप्त गोष्टी त्या टिंबामागे ठेवीत आहेत.

दुसरी हद्द पाथमधील तिरक्या रेघेची. फाइली शोधताना तारका ही रेघ ओलांडीत नाही. परंतु त्याच शेलमधील ‘केस’ या तुलनेच्या रचनेत ती बिनदिक्कत ओलांडते. पायथन भाषेतील ‘ग्लॉब’ रेघेचा मान राखतो, त्याच भाषेतील ‘एफएनमॅच’ राखीत नाही. रेघेपलीकडे खोलवर जावयाचे तर जोडतारका घालावी लागते. बॅशला ती चौथ्या आवृत्तीत, २००९ साली मिळाली, पण ‘ग्लॉबस्टार’ हा खटका दाबल्यावाचून नव्हे. खटका न दाबता दोन तारका लिहिल्या तर त्यांना एकीचाच दर्जा मिळतो आणि शोध एका पायरीवर थांबतो. २०१९पासून मॅक यंत्रांवर जो झेडशेल मूळ शेल म्हणून मिळतो, त्यास मात्र जोडतारका उपजतच समजते. त्यामुळे ज्याच्या मांडीवरील यंत्रावर स्क्रिप्ट तळापर्यंत जाऊन येते, त्याच्याच सर्व्हरवर ती ओसरीवरून परतते, आणि दोन्हीकडे आपले कर्तव्य पूर्ण झाल्याचा निर्वाळा देते.

विंडोजचा न्याय याहून वेगळा. तेथे शेल तारकेत लक्ष घालीत नाही, ज्याचा त्याने उलगडा करून घ्यावा अशी रीत आहे. शिवाय जुन्या काळी नाव आठ अक्षरांचे आणि शेपूट तीन अक्षरांचे असे बंधन होते, त्याची स्मृती म्हणून लांब नावाच्या फाइलीला गुपचूप एक आखूड नावही देण्यात येत असे, आणि कित्येक यंत्रांवर अजूनही येते. म्हणून ‘एचटीएम’ शेपटाच्या फाइली पुसण्यास सांगावे, तर ‘एचटीएमएल’ शेपटाच्या फाइलीही आपल्या आखूड नावानिशी त्या फर्दीत सापडतात. माणसाला टोपणनावाने पकडून त्याच्या खऱ्या नावाची मालमत्ता जप्त करावी, अशातला हा प्रकार आहे.

मोकळ्या जागेचे उपद्रव सर्वश्रुत असल्याने त्यांचा विस्तार करीत नाही. तारका आणि ‘.बॅक’ हे शेपूट यांच्यामध्ये अनवधानाने एक मोकळी जागा पडली, की आरएम आधी तारकेबरहुकूम सर्व फाइली पुसतो आणि मागाहून ‘.बॅक नावाची फाइल सापडत नाही’ असे कळवतो. ही त्याची सचोटी वाखाणण्यासारखी आहे. त्याहून खोल पाणी आडव्या रेघेचे. एखाद्या फाइलचे नावच ‘-आरएफ’ असे असेल, तर तारका ते नाव इतर नावांबरोबर गोळा करून आणते आणि आरएम त्यास नाव न समजता ‘आतील फोल्डरांसह, काही न विचारता’ असा हुकूम समजतो. दप्तरातील एका कागदाने केवळ आपल्या मथळ्याच्या जोरावर साऱ्या दप्तराचा निकाल लावावा, हे सामर्थ्य युनिक्सखेरीज अन्यत्र आढळणार नाही.

येथवरचे सर्व परकीय भूमीवरचे झाले. मराठी माणसाने आपल्या फाइलींना मराठी नावे द्यावयास प्रारंभ केला, तेव्हा या शास्त्रात स्वदेशी भर पडली. आमच्या परिचयाच्या एका कार्यालयात तालुक्या-तालुक्यांहून येणाऱ्या ‘शेतकऱ्यांची_यादी_’ या नावाने आरंभ होणाऱ्या पीडीएफ एकत्र करण्याचे काम एका स्क्रिप्टकडे सोपवलेले होते. ती काही तालुक्यांच्या याद्या घेई आणि काहींच्या सोडून देई. संगणकाचे काम पाहणारा तरुण आणि त्या शाखेच्या प्रमुख बाई यांच्यात त्या संदर्भात झालेला संवाद आम्ही प्रत्यक्ष ऐकला आहे.

“मॅडम, स्क्रिप्ट बरोबर आहे. या तालुक्यांनी नाव वेगळं लिहिलंय.”

“कुठं वेगळं? वाच बघू.”

“शेतकऱ्यांची यादी.”

“आणि ज्यांचं बरोबर आहे ते?”

“शेतकऱ्यांची यादी.”

“मग फरक काय?”

“फरक आहे, मॅडम. दिसत नाही एवढंच.”

“न दिसणाऱ्या फरकाबद्दल मी खुलासा मागवू कसा? काय लिहू पत्रात? ‘आपण पाठवलेला र बाहेरून योग्य असून आतून निराळा आहे’?”

बाईंचा प्रश्न रास्त होता आणि तरुणाचे म्हणणेही खरे होते. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातील जो अर्धा र आपण चंद्रकोरीसारखा आडवा काढतो, तो युनिकोडमध्ये एकाहून अधिक मार्गांनी सिद्ध होतो. साधा र ०९३० क्रमांकाचा. त्याचा धाकटा भाऊ ऱ हा ०९३१ क्रमांकाचा. कोणी ऱला हलंत जोडून ही चंद्रकोर काढतो. कोणी साध्या रला हलंत जोडून त्यामागे ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचे, ज्यास लांबी-रुंदी काही नाही असे अदृश्य चिन्ह घालतो. आणि कोणाचे यंत्र ऱची फोड करून र आणि खालचा नुक्ता असे दोन जिन्नस साठवते. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, छापल्यावर सारखेच दिसतात, मोठ्याने वाचले असता सारखेच ऐकू येतात. तारकेच्या आसपासची अक्षरे मात्र अक्षरशः तपासली जातात, आणि तेथे या तीन शेतकऱ्यांची एकमेकांशी ओळखदेख नाही.

“मग तो र लिहूच नकोस,” बाई म्हणाल्या. “तिथंही तारका टाक.”

तरुणाने ‘शेतक’ एवढेच ठेवून पुढे तारका घातली. सर्व तालुके निमूटपणे आत आले. आणि स्क्रिप्टचा उजवा हात मोकळा सुटल्याबरोबर त्यांच्यामागोमाग ‘शेतकी_अवजारांची_यादी_’ नावाची एक फाइलही आत शिरली. ती कोणाच्या ध्यानात आली नसती, तर खुरपी, कोळपी आणि पाभरी लाभार्थ्यांच्या यादीत दाखल होऊन त्यांच्या खात्यांची विचारणा सुरू झाली असती. ते टळले याचे श्रेय बाईंच्या महसुली संस्कारांस आहे.

महसूल खात्यात ‘चावडी वाचन’ नावाची एक वहिवाट आहे. सातबाऱ्यावरील नोंदी कागदावर बरोबर आहेत असे दप्तराने कितीही सांगितले, तरी त्या गावच्या चावडीवर लोकांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवावयाच्या, म्हणजे ज्याचे शेत दुसऱ्याच्या नावावर चढले असेल तो तेथल्या तेथे हरकत घेतो. शेलमध्ये या वाचनाची सोय एका शब्दात केलेली आहे. मूळ हुकुमाच्या आधी ‘एको’ हा शब्द लिहिला, की शेल तारकेचा पूर्ण उलगडा करतो, जुळलेली नावे ओळीने पडद्यावर वाचून दाखवतो, आणि कशालाही हात न लावता थांबतो. पुसावयाचे, हलवावयाचे, दाबावयाचे ते पुढचे. आधी कोणकोण आले आहेत ते कळू द्यावे. “आधी वाच, मग चालव,” असे बाईंनी सांगितले; तरुणाने एको लावून नावे वाचली; आणि अवजारांचे नाव येताच बाईंनी हात वर केला.

मग चौकटी कंसाची योजना झाली. ‘शेतक’च्या पुढे ऱ किंवा र यांपैकीच एक चिन्ह असले पाहिजे, असे कंसात दोन्ही लिहून बजावण्यात आले. वाचन घेतले, शेतकरी तिन्ही तऱ्हांचे आत, अवजारे बाहेर. सर्वांनी चहा घेतला. रात्री ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या क्रॉनने ती चालवली, आणि सकाळी अवजारे पुन्हा यादीत होती.

याचे कारण तरुणाने दुपारपर्यंत शोधून काढले. दिवसा माणूस स्वतः हुकूम देतो तेव्हा शेलला युनिकोडचे लोकेल, म्हणजे भाषा-लिपीची मांडणी, मिळालेले असते व तो अक्षर हे अक्षर म्हणून पाहतो. क्रॉनच्या हाती पुष्कळदा हे लोकेल नसते, आणि मग शेल नुसते बाइट मोजतो. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह साठवण्यास तीन बाइट लागतात, आणि त्यांतील पहिला बाइट सगळ्यांचा एकच. कंसातील ऱ आणि र यांचे असे सुटे बाइट झाल्यावर ‘शेतकी’मधील दीर्घ ईकाराचा पहिला बाइट त्यांच्याशी तंतोतंत जुळतो, आणि बाकीचे दोन तारका गिळून टाकते. थोडक्यात, दिवसा जो नमुना शेतकरी आणि कोळपे यांत भेद करतो, तो रात्री करीत नाही.

क्रॉनच्या फाइलीत लोकेलची एक ओळ घातली की हा दोष नाहीसा होतो, हे तरुणाला ठाऊक आहे. पण ती फाइल त्याच्या अधिकारात नाही, आणि ओळ घालण्याची परवानगी मागणारे टिपण वर गेलेले आहे. ते खाली येईपर्यंत बाईंनी स्वयंचलित व्यवस्था स्थगित करून असा जाबता घालून दिला आहे, की स्क्रिप्ट रोज सकाळी कार्यालयीन वेळेत, शाखेतील दोन लिपिकांसमक्ष, आधी एको लावून आणि नावे मोठ्याने वाचून मगच चालवावी. ज्या याद्या चाळण्याचा त्रास वाचावा म्हणून यंत्र आणले, त्यांचे मथळे आता रोज खड्या आवाजात वाचले जातात. या वाचनात पहिल्याच आठवड्यात एका तालुक्याने तीन महिने एकच यादी निरनिराळ्या तारखा घालून पाठवल्याचे उघडकीस आले, आणि तपास करता असे आढळले, की तारका येण्यापूर्वी हे काम हाताने होत होते तेव्हा ती यादी कोणी उघडूनच पाहिली नव्हती.